जुन्या संगणकीय संहिता आणि सुसंगतीची साधने

हस्तलिखित हाती आले की पाठचिकित्सक कागद, शाई आणि लेखकूचे वळण पाहतो. संहिता संगणकावर सिद्ध झालेली असेल तर ती ज्या आज्ञावलीतून उघडते, तिचाही विचार त्याला करावा लागतो. कार्यप्रणालीत जुन्या आज्ञावली चालवणारी साधने ठेवावीत की काढून टाकावीत, हा प्रश्न त्यामुळे केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

१९९३ साली आलेल्या ‘विंडोज एनटी’त ‘एनटीव्हीडीएम’ नावाचे साधन होते. डॉससाठी लिहिलेल्या आज्ञावलीला ते तिचे जुने यंत्रच पुढे असल्याचे भासवी. ६४-बिट विंडोजमध्ये हे साधन नाही; कारण ते प्रोसेसरच्या ज्या अवस्थेवर विसंबून होते, ती ६४-बिट पद्धतीत उपलब्ध नसते. २०२१ मध्ये विंडोज ११ केवळ ६४-बिट रूपात आली. साधन नको म्हणणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही. १९९३ पासून या साधनात दडलेला सुरक्षेचा एक गंभीर दोष २०१० च्या जानेवारीत जाहीर झाला. डॉस कधीही न वापरणाऱ्यांच्या यंत्रांतही तो सतरा वर्षे होता.

तथापि मराठी संहितांपुरते पाहिले तर साधन राखल्याने सारे साधते, असे म्हणता येत नाही. डॉसच्या काळात देवनागरीसाठी पुष्कळदा पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवावे लागे. ते कार्ड नसेल तर आज्ञावली चालूनही अक्षरे दिसणार नाहीत. उलट ‘इस्की’ संकेतात साठवलेला मजकूर आजही वाचता येतो. कारण तो संकेत आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात प्रसिद्ध आहे. त्यात अक्षरे उच्चारक्रमाने ठेवलेली असल्याने युनिकोडमध्ये त्यांचे रूपांतर करणे फारसे कठीण नाही.

खरी अडचण त्यानंतरच्या फाँटबद्ध मजकुराची आहे. तेथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, आणि कोणता तुकडा कोठे हे प्रत्येक फाँटकर्त्याने आपापल्या सोयीने ठरवलेले असते. क्रम उच्चाराचा नव्हे, डोळ्यांना दिसणारा: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. प्रस्तुत लेखकाने आपल्या प्रबंधाची संदर्भसूची अशा फाँटमधून युनिकोडमध्ये आणली, तेव्हा ‘कीर्ती’ आणि ‘मूर्ती’ या शब्दांतले रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. (मुद्रितशोधनास लागलेला वेळ सूची सिद्ध करण्याच्या वेळेहून फारसा कमी नव्हता.) आणि ही फाइल उघडणारी आज्ञावली तर नव्या विंडोजवर उत्तम चालत होती!

म्हणून सुसंगतीचे साधन सर्वांच्या कार्यप्रणालीत असावे, हा आग्रह मला पटत नाही. ‘डॉसबॉक्स’सारखी आज्ञावली प्रोसेसरचीच नक्कल करते आणि ६४-बिट यंत्रावरही चालते, ती विभागाच्या ग्रंथालयातील एका संगणकावर असली तरी पुरे. आग्रह धरावयाचा तो संकेताच्या तक्त्याचा. मोडीचा रोजचा वापर सुटला, पण अक्षरओळखीची पुस्तके आणि जाणकार टिकल्याने पेशवे दप्तर वाचता येते. फाँटबद्ध प्रबंध स्वीकारताना मूळ फाइल, फाँटची प्रत, त्यातील अक्षरस्थानांचा तक्ता आणि छापील प्रत ही चारही एकत्र ठेवली पाहिजेत. रूपांतर झाले म्हणून मूळ फाइल पुसण्याची घाई करू नये. रफार चुकल्याचे पुष्कळदा छापील प्रतीशी ताडून पाहतानाच कळते.