प्रदर्शनातील गाळा : मांडणी व फलकाचे नियम

कडेगाव परिसरातील ज्या वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना प्रदर्शनात गाळा घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी हे टिपण.

तयार गाळा बहुधा ३ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटरचा असतो. समोर आडवे टेबल मांडले की ग्राहक बाहेरच उभा राहतो. टेबल बाजूच्या भिंतीलगत घ्यावे. कोपऱ्याचा गाळा दोन बाजूंनी उघडा असतो, मात्र मांडणीसाठी एक भिंत कमी मिळते.

खरी अडचण फलकाची. माझ्या पहिल्या गाळ्यावर मी 'मधुमेहावर खात्रीशीर औषध' असे लिहिले होते. संयोजकांनी भर दुपारी फलक उतरविण्यास सांगितले. राग आला, पण चूक माझीच होती. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम ३ नुसार मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू आदी अनुसूचित व्याधींवरील औषधांची जाहिरात निषिद्ध आहे. जाहिरातीच्या व्याख्येत पत्रक, लेबल, वेष्टन इतकेच नव्हे, तर तोंडी, प्रकाशाने वा ध्वनीने केलेली घोषणाही येते. म्हणजे ध्वनिक्षेपकही सुटत नाही! नोंदणीकृत वैद्याच्या स्वतःच्या जागेतील उपचारविषयक फलकास कलम १४ ची सवलत आहे. चार दिवसांच्या गाळ्यास ती लागू होईल, असे गृहीत धरू नये. व्याधीऐवजी कल्पाचे नाव, घटकद्रव्ये व परवाना क्रमांक लिहावा.

वत्सनाभ, भल्लातक, कुपीलु अशी अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीची सूचना आवश्यक असते. त्रिभुवनकीर्तीसारखे कल्प म्हणूनच पुढच्या टेबलावर न ठेवता मागील फळीवर, वैद्याच्या हाताशी ठेवावेत.