नव्या तलंगा सोडताना

"कोंबड्याच त्या, भांडतील आणि गप्प बसतील," असं मला सांगणाऱ्यांपैकी एकानेही ती काळी तलंग हातात घेतलेली नाही. मी घेतली होती, म्हणून लिहिते आहे.

घरच्या गावठींबरोबर ठेवायला कडकनाथच्या तीन तलंगा आणल्या, तेव्हा विकणाऱ्याला मी स्पष्ट विचारलं होतं, वेगळ्या ठेवू का? "काही गरज नाही वहिनी, बिनधास्त सोडा. दोन दिवसांत आपोआप जमतं." धंदा त्याचा, म्हणून त्याचं ऐकलं. टोचाटोची दिसली तेव्हा फोन केला, तर तेच उत्तर.

कडकनाथची एक गोष्ट त्याने सांगायला हवी होती. पिसं काळी, कातडी काळी, तुराही काळपट. रक्त आलं तरी लांबून कळत नाही. संध्याकाळी कोंडताना एक तलंग कोपऱ्यात विटांच्या फटीत डोकं खुपसून उभी होती. उचलली तर हाताला ओलं लागलं. शेपटीच्या मुळाशी पिसं उपटून मांस उघडं पडलं होतं आणि गळ्याखालची खाद्याची पिशवी अगदी चपटी. दिवसभरात पोटात दाणा नाही! भरलेलं भांडं दोन हातांवर होतं, पण आमची तांबडी त्याच्यापुढून हलत नव्हती. सकाळपर्यंत तलंग गेली.

यावर विकणारा म्हणतो, "तुमच्याच कोंबड्या मारकुट्या आहेत." त्यानंतर फोन उचलणंच बंद. तांबडी मारकुटी नाही. कुणी कुणाला टोचायचं, आधी कुणी खायचं, याची कोंबड्यांत उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे यांनी १९२०च्या दशकातच ती नोंदवून ठेवली आहे. नवी आली की ती उतरंड पुन्हा ठरते आणि चोचीनेच ठरते. कोंबड्या विकून पोट भरणाऱ्याला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

उरलेल्या दोघी वाचल्या त्या जाळीमुळे. नव्या कोंबड्या आधी दोन-तीन आठवडे पूर्ण लांब ठेवा, मानमोडी आली तर सगळं खुराडं रिकामं होतं. मग मधे बारीक जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवा. एकमेकी दिसाव्यात, चोच पोचू नये. त्यानंतर दिवसा मोकळ्या आवारात एकत्र सोडा. रात्री जुन्या दांडीवर बसल्या की अंधारात नव्यांना त्यांच्याशेजारी बसवा, पण उजाडताच दार उघडायला तुम्ही तिथे हवेत. कोंडलेल्या जागेत पहाटेच सगळ्यात जास्त मार बसतो.

खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन ठेवा, आणि तीही अशी की एकापाशी उभ्या कोंबडीला दुसरं दिसणार नाही. मी मधे जुनी फळी उभी केली आहे. तांबडी दोन्हीकडे राखण करू शकत नाही. रोज कोंडताना नव्यांची खाद्याची पिशवी चाचपा. भरलेली लागली तर निश्चिंत झोपा. एकटी तलंग तर कधीच आणू नका, सगळा मार तिच्याच वाट्याला येतो.

जखम झाली की लगेच वेगळी काढा आणि पूर्ण भरल्याशिवाय परत सोडू नका. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचतात, लाल औषधावरही. एखादी फारच मारत असेल तर तिलाच चार-पाच दिवस नजरेआड डालग्याखाली ठेवा; परत येते तेव्हा तिचा जोर उतरलेला असतो. नुसत्या कणीवर ठेवू नका, पिसं उपटण्यामागे कधीकधी प्रथिनांची कमतरता असते. बिनमिठाच्या सुकटीचा चुरा अधूनमधून द्या. बाकी जागा ऐसपैस, पाणी स्वच्छ, राख-मातीत लोळायला खड्डा, हे तर हवंच.

आणि पैसे देण्याआधी मानमोडीची लस कधी दिली ते तारखेसह लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तिथून परत या, कितीही स्वस्त देत असला तरी. मेलेल्या तलंगेचे पैसे त्याने मला अजून दिलेले नाहीत, आणि परवाच्या बाजारात दुसऱ्या एका बाईंना तो तेच सांगत होता, बिनधास्त सोडा म्हणून. मी तिथल्या तिथे त्यांना जाळीचं सांगितलं.