विश्रांतीकाळात घडलेला संघ
(न्यूयॉर्क लिबर्टी या महिला बास्केटबॉल संघाच्या पुनर्बांधणीचा अभ्यास)

सांघिक खेळात सामन्याचा निकाल मैदानावर लागतो; परंतु संघ घडतो तो मात्र हंगाम संपल्यानंतरच्या काळात. कोणती खेळाडू ठेवावयाची, कोणती सोडावयाची, नवी कोण आणावयाची आणि या सर्वांना एका सूत्रात बांधण्याचे काम कोणावर सोपवावयाचे, हे प्रश्न त्याच काळात सोडवावे लागतात. त्यांची उत्तरे घाईने किंवा केवळ नावलौकिक पाहून दिली गेली, तर त्याची किंमत पुढील हंगामात मोजावी लागते. अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये न्यूयॉर्क लिबर्टी या संघाची २०१९ ते २०२४ या काळात झालेली पुनर्बांधणी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २०२० मध्ये २२ पैकी अवघे २ सामने जिंकणाऱ्या या संघाने चार वर्षांनी अजिंक्यपद मिळविले. हे परिवर्तन एका खेळाडूमुळे किंवा एका निर्णयामुळे झाले नाही. त्यामागे निर्णयांचा एक क्रम होता.

लीग आणि तिचे नियम

'विमेन्स नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' ही महिलांची व्यावसायिक लीग १९९६ मध्ये स्थापन झाली आणि १९९७ मध्ये आठ संघांनिशी तिचा पहिला हंगाम खेळला गेला. लिबर्टी हा त्या मूळ आठ संघांपैकी एक होय. अलीकडच्या वर्षांत लीगचा हंगाम सर्वसाधारणपणे मे महिन्यात सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपत आला आहे. मधले महिने संघबांधणीचे. २०२३ चे वेळापत्रक उदाहरणादाखल घेतले, तर करार संपलेल्या खेळाडूंशी २१ जानेवारीपासून बोलणी करण्याची आणि १ फेब्रुवारीपासून करारावर सह्या करण्याची मुभा होती. एप्रिलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड, म्हणजे 'ड्राफ्ट', पार पडला आणि त्यानंतर सराव शिबिरे सुरू झाली.

संघ बांधण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग ड्राफ्टचा. यात दुबळ्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते, जेणेकरून लीगमध्ये समतोल राहावा. दुसरा मार्ग, करारमुक्त झालेल्या खेळाडूंना आपल्याकडे वळविण्याचा. तिसरा मार्ग, दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अथवा भावी निवडहक्कांची अदलाबदल करण्याचा.

या तिन्ही मार्गांवर वेतनमर्यादेचा लगाम असतो. २०२३ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला सर्व खेळाडूंच्या वेतनावर मिळून १४ लाख २० हजार ५०० डॉलरच खर्च करता येत होते, आणि संघात ११ किंवा १२ खेळाडू ठेवणे आवश्यक होते. त्या वर्षी एका खेळाडूला देता येणारे सर्वोच्च वेतन २ लाख ३४ हजार ९३६ डॉलर होते. म्हणजे सहा जणींना हे वेतन दिले असते, तर जवळजवळ सारी रक्कम संपून उरलेल्या पाच-सहा जणींसाठी काहीच शिल्लक राहिले नसते. श्रीमंत मालकालाही केवळ पैशाच्या बळावर संघ उभा करता येऊ नये, अशी ही योजना होती. साहजिकच पैशाइतकेच महत्त्व विश्वासाला, सोयीसुविधांना आणि नियोजनाला आले.

संघाची उतरती कळा

लिबर्टी संघाने १९९७, १९९९, २००० आणि २००२ या चार वर्षी अंतिम फेरी गाठली. परंतु प्रत्येक वेळी त्याला पराभव पत्करावा लागला. पुढे संघाला उतरती कळा लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तत्कालीन मालकांनी संघ विक्रीस काढल्याचे जाहीर केले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्या विख्यात क्रीडागृहात खेळणाऱ्या या संघाचे बहुतेक घरचे सामने २०१८ पासून उपनगरातील व्हाइट प्लेन्स येथील एका लहान सभागृहात होऊ लागले. २०१८ मध्ये ३४ पैकी ७ आणि २०१९ मध्ये ३४ पैकी १० सामने, एवढीच विजयांची नोंद झाली. एका जुन्या, मानाच्या संघाचे अस्तित्वच धोक्यात आले होते.

जानेवारी २०१९ मध्ये जोसेफ त्साय आणि क्लारा वू त्साय या दांपत्याने संघ विकत घेतला. त्याच वर्षी जनरल मॅनेजर म्हणून जोनाथन कोल्ब यांची नियुक्ती झाली. येथून पुनर्बांधणीस आरंभ झाला.

प्रथम पाया

नव्या व्यवस्थापनाने लगेच मोठी नावे गोळा करण्याचा मार्ग धरला नाही. एप्रिल २०२० मध्ये संघाची अनुभवी आधारस्तंभ टीना चार्ल्स यांना अदलाबदलीत वॉशिंग्टनकडे जाऊ देण्यात आले आणि ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाचा हक्क वापरून सब्रिना आयोनेस्कू या तरुण गार्ड खेळाडूची निवड करण्यात आली. वॉल्ट हॉपकिन्स हे नवे मुख्य प्रशिक्षक होते. साथीच्या रोगामुळे तो हंगाम फ्लोरिडात एकाच ठिकाणी खेळविण्यात आला. संघात सात नवोदित खेळाडू होत्या. त्यातच आयोनेस्कू तिसऱ्याच सामन्यात घोटा दुखावून बाहेर गेल्या. २ विजय आणि २० पराभव, असा त्या वर्षीचा हिशेब आहे.

तथापि याच काळात पायाभूत गोष्टी उभ्या राहत होत्या. २०२१ पासून संघ ब्रुकलिनमधील बार्कलेज सेंटर या प्रशस्त क्रीडागृहात खेळू लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बचावात तरबेज असलेल्या बेटनायजा लेनी यांना करारबद्ध करण्यात आले. त्या वर्षी १२ विजय मिळाले आणि संघ बाद फेरीत पोहोचला.

प्रवासाच्या सोयीचा प्रश्नही याच सुमारास पुढे आला. त्या वेळी लीगच्या खेळाडूंना सामान्य प्रवासी विमानांनीच जावे लागे. कोणत्याही संघाला अनुचित लाभ मिळू नये म्हणून स्वतंत्र विमान भाड्याने घेण्यास बंदी होती. लिबर्टीच्या मालकांनी २०२१ मध्ये ही बंदी मोडली आणि लीगने संघाला ५ लाख डॉलरचा दंड केला. नियमभंग तो नियमभंगच. त्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु खेळाडूंच्या श्रमांची दखल घेणारे मालक, अशी या संघाची ख्याती झाली, हेही खरे. पुढे २०२४ मध्ये लीगनेच सर्व संघांसाठी स्वतंत्र विमानप्रवासाची व्यवस्था सुरू केली.

प्रशिक्षकाची निवड

डिसेंबर २०२१ मध्ये हॉपकिन्स आणि संघ यांचे मार्ग वेगळे झाले. जानेवारी २०२२ मध्ये सँडी ब्राँडेलो यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या ब्राँडेलो यांनी २०१४ मध्ये फिनिक्स मर्क्युरी संघाला अजिंक्यपद मिळवून दिले होते. नामवंत खेळाडूंना एकत्र सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि त्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाच्याही प्रशिक्षक होत्या.

येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मोठ्या खेळाडू येण्यापूर्वी पूर्ण एक वर्ष ही नियुक्ती झाली. २०२२ च्या हंगामाची सुरुवात १ विजय आणि ७ पराभव अशी निराशाजनक होती. तरीही व्यवस्थापनाने घाईने फेरबदल केले नाहीत. संघाने १६ सामने जिंकून बाद फेरी गाठली. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, याची पारख प्रशिक्षकांना त्या एका वर्षात झाली. आयोनेस्कू दुरून अचूक नेम साधत होत्या. परंतु टोपलीखालची उंची, सामन्याच्या निर्णायक क्षणी हमखास गुण करणारी खेळाडू आणि चेंडू योग्य वेळी योग्य हाती पोहोचविणारी अनुभवी गार्ड, या तीन जागा रिकाम्या होत्या.

तीन जागा, तीन खेळाडू

२०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या तिन्ही जागा भरल्या गेल्या. जानेवारीत तीन संघांच्या अदलाबदलीतून सहा फूट सहा इंच उंचीच्या जॉनक्वेल जोन्स कनेटिकटहून आल्या. २०२१ मध्ये त्या लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या होत्या. याच व्यवहारात डॅलसच्या कायला थॉर्नटनही आल्या. त्यांच्या मोबदल्यात लिबर्टीने नताशा हॉवर्ड व क्रिस्टल डेंजरफील्ड यांना डॅलसकडे, रेबेका ॲलन यांना कनेटिकटकडे आणि ड्राफ्टमधील सहाव्या क्रमांकाचा हक्कही कनेटिकटला दिला. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवसांत सिएटलच्या ब्रीॲना स्टुअर्ट आणि शिकागोच्या कोर्टनी व्हँडरस्लूट यांनी लिबर्टीकडे येण्याचा निर्णय जाहीर केला. स्टुअर्ट मूळच्या न्यूयॉर्क राज्यातीलच. त्यांनी सिएटलसाठी दोन अजिंक्यपदे जिंकली होती. त्यांना सर्वोच्च वेतन मिळू शकले असते. परंतु इतरांनाही सामावून घेता यावे म्हणून त्यांनी सुमारे १ लाख ७५ हजार डॉलरवर करार केला. स्वतंत्र विमानप्रवासाचा आग्रह जाहीरपणे धरणाऱ्यांत स्टुअर्ट आघाडीवर होत्या, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

नावे पुरेशी नसतात

२०२३ च्या हंगामात लिबर्टीने ४० पैकी ३२ सामने जिंकले. स्टुअर्ट लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. मात्र अंतिम फेरीत लास व्हेगास एसेस या संघाने लिबर्टीचा ३-१ असा पराभव केला. चौथा सामना ब्रुकलिनमध्ये झाला. व्हेगासच्या नेहमीच्या पाच खेळाडूंपैकी दोघी दुखापतीमुळे बाहेर होत्या. तरीही तो सामना त्यांनी ७०-६९ असा जिंकला. अनेक वर्षे एकत्र खेळलेल्या संघाने नव्याने एकत्र आलेल्या नामवंतांवर मात केली, असेच या निकालाचे वर्णन करावे लागेल.

या पराभवानंतरचा विश्रांतीकाळ ही व्यवस्थापनाची खरी कसोटी होती. प्रशिक्षक बदलणे किंवा आणखी एखादे मोठे नाव आणणे, हे सोपे मार्ग होते. ते टाळण्यात आले. मुख्य खेळाडू आणि प्रशिक्षक कायम ठेवून भर देण्यात आला तो राखीव फळीवर. युरोपात नाव मिळविलेल्या जर्मनीच्या लिओनी फिबिश यांना आणण्यात आले आणि केनेडी बर्क यांना करारबद्ध केले गेले. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये निवडलेल्या निआरा सॅबली यांचा पहिला हंगाम गुडघ्याच्या दुखण्यामुळे वाया गेला होता. त्यांनाही सोडून देण्यात आले नाही.

२०२४ च्या हंगामात लेनी-हॅमिल्टन यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा फिबिश यांनी त्यांची जागा सांभाळली. बाद फेरीत ब्राँडेलो यांनी धाडसी निर्णय घेतला. त्यांनी व्हँडरस्लूट यांच्यासारख्या मातब्बर खेळाडूला राखीव फळीत बसवून उंच व बचावात उपयुक्त असलेल्या फिबिश यांना सुरुवातीच्या पाच जणींत घेतले. उपांत्य फेरीत व्हेगासला ३-१ असे नमविण्यात आले. अंतिम फेरीत मिनेसोटा लिंक्सविरुद्ध मालिका २-२ अशी बरोबरीत आली. २० ऑक्टोबर २०२४ च्या पाचव्या सामन्यात आयोनेस्कू यांचे १९ पैकी १८ नेम चुकले. स्टुअर्ट यांनाही सूर गवसला नाही. त्या वेळी राखीव फळीतून आलेल्या सॅबली यांनी १३ गुण मिळवून संघाला सावरले. जादा वेळेत लिबर्टीने ६७-६२ असा विजय मिळविला आणि २८ व्या हंगामात पहिले अजिंक्यपद पटकावले. जोन्स अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या.

काम संपत नाही

बांधलेला संघ जसाच्या तसा टिकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या गोल्डन स्टेट संघासाठी झालेल्या विशेष निवडीत थॉर्नटन गेल्या. पुढे व्हँडरस्लूट शिकागोला परतल्या. २०२५ चा हंगाम सलग नऊ विजयांनी सुरू झाला. परंतु दुखापतींनी संघाला ग्रासले आणि पहिल्याच बाद फेरीत फिनिक्सने त्याला पराभूत केले. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राँडेलो यांचा करार पुढे न वाढविण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यांच्या चार वर्षांत संघाने साखळीतील १६० पैकी १०७ सामने जिंकले होते. त्यांच्या जागी ख्रिस डीमार्को यांची नियुक्ती झाली आणि ब्राँडेलो यांनी टोरंटोच्या नव्या संघाची सूत्रे स्वीकारली. ज्या संयमाने २०२२ व २०२३ मध्ये फळ दिले, तो संयम २०२५ मध्ये सोडणे योग्य होते की नाही, याचा निकाल पुढील हंगामच देतील.

बोध

या उदाहरणातून मिळणारा बोध केवळ व्यावसायिक खेळापुरता नाही. शाळेचा संघ तयार करणारे शिक्षक, तालुका पातळीवर संघ निवडणारी समिती किंवा गावातील क्रीडा मंडळ, यांच्यापुढेही हेच प्रश्न लहान प्रमाणात उभे असतात. खेळण्याची जागा आणि प्रवासाची सोय आधी पाहावी. प्रशिक्षकाची निवड खेळाडूंच्या निवडीपूर्वी करावी आणि त्याला पारख करण्यास अवधी द्यावा. उणीव नेमकी कोठे आहे हे ठरवून मगच खेळाडू शोधावा; नाव पाहून जागा निर्माण करू नये. राखीव खेळाडूंना दुय्यम लेखू नये, कारण कठीण दिवशी त्याच उपयोगी पडतात. आणि एका पराभवाने सारी घडी मोडू नये. हंगाम संपला म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्यांना पुढच्या हंगामात तेच दोष नव्याने भोगावे लागतात. जे त्याच दिवशी वही उघडून हिशेब मांडावयास बसतात, त्यांचा संघ पुढे जातो.