गल्ल्यावर कोण बसते?

मुलांनो, साताऱ्याचे कंदी पेढे तुम्ही खाल्ले आहेत का? म्हशीचे सुमारे ५ लिटर दूध आटवले, की १ किलो खवा तयार होतो. तो मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजतात. मग त्यात साखर व वेलदोड्याची पूड घालून पेढे वळतात.

आमच्या साताऱ्यातील एक जुने दुकान मला फार आवडते. लहानपणी शाळा सुटली, की आम्ही तिथे जात असू. दुकानदार काका हातावर गरम पेढा ठेवत. भट्टीवर पुरुष, गल्ल्यावरही पुरुष. बायका आतल्या खोलीत बसत. त्या वेलदोडे सोलत, पेढे वळत, खोकी भरत. काकांची मुलगी माझ्या वर्गात होती. खवा उतरवायची वेळ ती नुसत्या वासावरून ओळखत असे. तरी दुकान तिच्या भावाला मिळाले. पाटीवर 'आणि पुत्र' असेच लिहिले होते.

आता दुसरे उदाहरण पाहा. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' हा मोठा उद्योग उभा राहिला. काम घरातलेच होते. पण त्याची मालकी स्त्रियांकडेच राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी ईदचा शीरखुर्मा कोण करते? शेजारी दिवाळीचे लाडू कोण वळते? आणि दुकानाच्या गल्ल्यावर कोण बसते? पेढा आवडीने खा. पण तो वळणाऱ्या हातांना विसरू नका. उद्या तुमचे दुकान झाले, तर पाटीवर बहिणीचेही नाव लिहा.