कमी विजेचे हरितगृह

आमचे गाव करकंब. ते पंढरपूर तालुक्यात आहे. उन्हाळ्यात आमच्या सोलापूर जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा मिरचीची कोवळी रोपे माना टाकतात. म्हणून आमचे अण्णा रोपांसाठी हरितगृह बांधायचे म्हणतात. त्याला कर्ज काढावे लागणार आहे. म्हणून कोणते बांधावे याची माहिती मी गोळा केली.

हरितगृह म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाचे घर. शेतकरी त्याला पॉलिहाऊस म्हणतात. ऊन कागदातून आत येते. जमीन तापते, तिच्यामुळे हवा तापते. ती हवा आतच कोंडते. थंड मुलखात हेच हवे असते. लंडनजवळ क्यू बागेत १८४८ साली काचेचे मोठे पामगृह पुरे झाले. तेथे कोळसा जाळून ऊब देत. लडाखमध्ये हरितगृहाच्या मातीच्या जाड भिंती दिवसा ऊन साठवतात आणि रात्री ऊब देतात. तिथे कोळसाही नको, वीजही नको.

आपल्याकडे उलटे आहे. आपल्याला ऊब बाहेर घालवायची आहे. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत : एका भिंतीला ओले पॅड आणि समोरच्या भिंतीला पंखे लावतात. माठातल्यासारखी पाणी उडून जाताना हवा गार होते. पण पंख्यांना सारखी वीज लागते. अण्णा म्हणाले, "लाईट गेली की आत नुसती भट्टी!"

दुसरी रीत : छपराला वर लांब फट आणि बाजूंना जाळी ठेवतात. गरम हवा हलकी, ती वर जाते. खालून ताजी हवा आत शिरते. माळवदाच्या साण्यातून चुलीचा धूर जातो ना, अगदी तसेच. फटीची पाठ वाऱ्याकडे ठेवावी, म्हणजे वारा आतली गरम हवा ओढून घेतो. दुपारी ५० टक्क्यांची सावलीची जाळी ओढली की निम्मे ऊन अडते. बाजूची जाळी बारीक असली तर पांढरी माशीसुद्धा आत येत नाही. मात्र नुसत्या वाऱ्याने घर बाहेरच्यापेक्षा गार होत नाही. म्हणून कडक उन्हात थोडा वेळ बारीक फवारा सोडावा लागतो.

पाण्याचे गणितही करून पाहा. १ चौरस मीटर छपरावर १ सेंटीमीटर पाऊस पडला तर १० लिटर पाणी मिळते. मग १०० चौरस मीटरला १००० लिटर! पन्हळ लावून ते टाकीत घ्यावे.

आई म्हणते, "बिल येणार नाही ते घर बरं." मलाही दुसरी रीत पटते. अण्णांचे अजून ठरलेले नाही. ज्या पालकांनी असे घर बांधले असेल, त्यांनी अण्णांना चार गोष्टी जरूर सांगाव्यात.

– इयत्ता ४ थी