चार पाणघोड्यांचे गणित

पिंजऱ्यातून वाघ निसटला की त्याची बातमी होते. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, झेन्सव्हिल गावाजवळ, एका खासगी प्राणिसंग्रहाच्या मालकाने सुमारे ५० प्राणी मोकळे सोडले. पोलिसांनी त्यांतील बहुतेक गोळ्या घालून मारले; त्यांत १८ वाघ होते. प्रसंग भीषण खरा, पण एकदोन दिवसांत संपला. आज आपण पाहणार आहोत ते पलायन मात्र कित्येक वर्षे चालू आहे.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात पाब्लो एस्कोबार नावाचा अमली पदार्थांचा कुप्रसिद्ध व्यापारी होता. आपल्या जहागिरीवर त्याने खासगी प्राणिसंग्रहालय थाटले आणि १९८१ च्या सुमारास त्यात चार पाणघोडे आणले: एक नर, तीन माद्या. १९९३ मध्ये तो मारला गेला. इतर बरेच प्राणी दुसरीकडे हलवले गेले. टनावारी वजनाचे, चिडखोर पाणघोडे कोण हलवणार? ते तळ्यातच राहिले आणि पुढे माग्दालेना नदीच्या खोऱ्यात पसरले. २०२३ मध्ये सरकारी अंदाजाप्रमाणे ते १६९ झाले होते.

आता वही घ्या. चाराची दुप्पट आठ, मग १६, ३२, ६४, १२८, २५६. ही भूमिती श्रेढी. पाच दुपटींनी १२८ येतात, सहा दुपटींनी २५६. म्हणजे १६९ होण्यास सुमारे ५.४ दुपटी लागल्या. बेचाळीस वर्षांना ५.४ ने भागा. दुपटीचा काळ पावणेआठ वर्षे येतो. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल तुम्ही शिकला असाल. हे सूत्र तेच, फक्त दिशा उलटी.

अर्थात ही सरासरी आहे. २०३५ पर्यंत एक हजार पाणघोडे होतील, असा सरकारचा इशारा आहे. तो खरा ठरायचा तर दुपटीचा काळ पाच वर्षांच्याही आत हवा! हे अशक्य नाही. आफ्रिकेत दुष्काळात पाणघोडे मरतात, पिलांना सिंह व मगरी खातात. येथे पाणी बारमाही, शत्रू कोणी नाही.

रात्री हा प्राणी किनाऱ्यावर चरतो, दिवसा पाण्यात शेण टाकतो. जमिनीवरचे खत असे फुकट तळ्यात पोहोचते, शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो. मासेमारीवर पोट असणाऱ्यांना हे परवडणारे नाही.

उपाय? २००९ मध्ये एक नर गोळी घालून मारला, तेव्हा देशभर हळहळ उसळली. लोकांची माया मी समजू शकतो. पण श्रेढी तिच्यासाठी थांबत नाही. २०२२ मध्ये सरकारने ही जात परकी व आक्रमक म्हणून जाहीर केली. साठ पाणघोडे गुजरातेत पाठवण्याची योजनाही २०२३ मध्ये निघाली. त्याच वर्षी निर्बीजीकरण सुरू झाले. ते काम सोपे नाही. जाड कातडीमुळे गुंगीचे औषध देणे कठीण, नराचे वृषण शरीराच्या आत दडलेले, आणि शस्त्रक्रियेला काही तास लागतात. शिवाय निर्बीज केलेला प्राणी पुढे कित्येक वर्षे नदीतच राहतो.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. दुपटीचा काळ पावणेआठ वर्षे धरून १९९३ मध्ये किती पाणघोडे असावेत? उत्तर दहाबारा येईल. त्यांना हलवायला किती ट्रक लागले असते, याचा अंदाज तुम्हीच करा.