पंधराव्या अध्यायातील तीन श्लोक आणि पेजेची वाटी

आपल्याकडे पुष्कळ घरांतून जेवणापूर्वी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणण्याची वहिवाट आहे. अध्याय लहान, अवघे 20 श्लोक. पाने वाढून होईपर्यंत आटोपतो. मुंजीनंतर मी तो पाठ केला आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे वरणभातावर दृष्टी ठेवून म्हणत आलो. चौदाव्या श्लोकात भगवान जे सांगतात ते घटकाभराने माझ्याच उदरात घडावयाचे असे, हे मात्र कधी ध्यानी आले नाही.

तेथे ते म्हणतात की, प्राण्यांच्या देहात मी वैश्वानर अग्नी होऊन राहतो आणि प्राणापानांच्या योगाने चतुर्विध अन्न पचवितो. भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य हे ते चार प्रकार. वाचकांनी येथे क्रियापद पाहावे. ‘पचामि’ हे रूप प्रयोजक नव्हे. दुसऱ्याकरवी करवून घेतो, असा त्याचा अर्थ होत नाही. ‘पच्’ धातूचा मूळ अर्थ शिजविणे. तेव्हा ‘मी स्वतः शिजवितो’ असेच भाषांतर करावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मराठी कानाला ते जरा खटकेल, खटकू द्यावे.

याला कारण घडले ते असे. गेल्या वर्षी माझी वृद्ध आई तापाने अंथरुणाला खिळली. सहा दिवस पोटात काही ठरेना. सातव्या दिवशी मऊ पेज करून, मिठाचा कण आणि तुपाचे दोन थेंब घालून, मी चमच्याने भरवू लागलो. चमचा ओठांपर्यंत नेणे माझ्या हाती होते, गिळणे तिच्या. गळ्याखाली उतरल्यावर मात्र माझी आज्ञा चालेना, तिचीही नाही. लहान आतड्याची लांबी सुमारे 6 मीटर असते, असे शरीरशास्त्र सांगते. त्या एवढ्या वाटेवर आपण कोणीच जागे नसतो. दुसऱ्या दिवशी ती टेकू न घेता उठून बसली. मी वाटीकडे पाहतच राहिलो. तेराव्या श्लोकात तेच भगवान सोमरूपाने वनस्पतींना पोसतात. म्हणजे शेतात ज्याने तांदूळ पिकविला, त्यानेच तो आईच्या जठरात पुन्हा शिजविला. मधली चूल तेवढी आमची.

ताप गेला, स्मृती मात्र परतली नाही. आई मला ओळखत नाही. तिच्या दिवंगत थोरल्या भावाच्या नात्याने ‘दादा’ म्हणते. आता पंधरावा श्लोक पाहा. स्मृती, ज्ञान आणि अपोहन ही तिन्ही माझ्यापासून, असे भगवान म्हणतात. अपोहन म्हणजे दूर होणे, नाहीसे होणे. श्रीशंकराचार्य सांगतात की, पुण्यकर्म्यांना त्यांच्या कर्मानुसार स्मृती व ज्ञान लाभतात आणि पापकर्म्यांच्या ठायी ती लोपतात. शेजारच्या खोलीत आई निजलेली असताना हे भाष्य मराठीत उतरविणे मला जड गेले. तरी ते पूर्ण उतरविले. जे आवडत नाही ते गाळण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. श्रीरामानुजाचार्य ज्ञाननिवृत्ती हा अर्थ देऊन पर्यायाने ‘ऊहन’, म्हणजे तर्क, असाही अर्थ करतात. व्याकरणाच्या दृष्टीने मला पहिलाच अर्थ सरळ वाटतो. पण जो घास भरवितो तो आपला माणूस असला पाहिजे, हा आईचा ऊह मी रोज डोळ्यांनी पाहतो, आणि दुसरा अर्थ टाकून देववत नाही. हस्तलिखितात त्या शब्दापुढची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.

परवा तिच्या पाटाशी बसून अध्याय म्हणताना माझा एक चरण सुटला. आई अक्षरे शिकलेली नाही. घरात ऐकून ऐकूनच तिला अध्याय आला. तिने तो चरण स्वच्छ उच्चारला, विसाव्या श्लोकापर्यंत माझ्याबरोबर आली, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “दादा, तुम्ही जेवलात का?”